वॉर्डात पाहुणी, कॉलेजात नवखी, मग मी नक्की कोण?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

ताई नमस्कार. मी मराठवाड्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक (त्यावरची डिग्री), मग एमएस्सी मेडिकल सर्जिकल. मधली सगळी मिळून आठ वर्षं आयसीयूत काढली. सव्वा वर्षापासून एका प्रायव्हेट नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. घरी सगळे खूश, नाइट ड्यूटी सुटली, सासूबाई सगळ्यांना सांगतात आमची सून आता मॅडम झाली. पण मला मी कोण तेच कळेनासं झालंय. वॉर्डात मुलींना घेऊन गेले की सिस्टर म्हणतात "कॉलेजवाल्या आल्या", आणि कॉलेजात सीनियर म्हणतात "तुम्ही हॉस्पिटलवाल्या, तुम्हाला लेसन प्लॅन जमायला वेळ लागेल". मागच्या महिन्यात दहा मुलींसमोर एका आजींना कॅन्युला (सलाइनची सुई) लावायला गेले, दोनदा व्हेन (शीर) फुटली, शेवटी स्टाफ सिस्टरने येऊन एका झटक्यात लावली. मुली एकमेकींकडे बघत होत्या. इंग्लिशही माझं बेताचंच. परत आयसीयूत जाऊ का? तिथे निदान मला सगळं येत होतं.
(एक ट्यूटर)

उत्तर:

प्रिय ट्यूटर,

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझ्या पहिल्या बॅचच्या मुलीसुद्धा आता तुझ्यापेक्षा मोठ्या आहेत.

आधी त्या कॅन्युलाचंच बोलू, कारण पत्रात तू ते चार ओळींत उरकलंस पण मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. आयसीयूत बऱ्याच पेशंटना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असते, मॉनिटर असतो, हाताशी माणूस असतो, आणि गेलं सव्वा वर्ष तू किती कॅन्युला लावल्यास ते तूच मोज. वयस्कर बाईंची कातडी पातळ, व्हेन दिसायला ठळक पण हात लावला की सरकते, टूर्निके (हाताला बांधायचा पट्टा) जरा करकचून बांधला की सुई आत जाताक्षणी फुटते. तिथे गुलाबी वीस नंबरच्या कॅन्युलाऐवजी त्याहून बारीक निळा बावीस नाहीतर पिवळा चोवीस घ्यायचा, कातडी खालून ताणून धरायची, अँगल अगदी कमी ठेवायचा. हे सगळं तुला माहितीये. पण त्या दिवशी दहा जोडी डोळे तुझ्यावर होते आणि तुझं लक्ष आजींच्या हातावरून उठून मुलींच्या चेहऱ्यांवर गेलं. हे प्रत्येक नव्या ट्यूटरचं होतं. माझंही झालंय.

आता त्या जागी काय करता आलं असतं ते सांगते. दुसऱ्यांदा फुटली की तिथेच हात थांबवायचा, आजींना म्हणायचं "आजी, त्रास झाला तुम्हाला, माफ करा, आता दुसऱ्या सिस्टरना बोलावते", आणि मुलींकडे वळून शांतपणे सांगायचं की एका माणसाने दोनपेक्षा जास्त वेळा टोचायचं नाही, दोनदा नाही जमलं तर दुसऱ्याला हाक मारायची, आणि व्हेन का फुटली ते आपण बाहेर जाऊन बोलू. मग सिस्टर लावत असताना मुलींना जवळ घेऊन दाखवायचं की बघा त्यांनी टूर्निके कुठे बांधला, अंगठ्याने कातडी कशी धरली. त्या दहा मुलींना पुढे आयुष्यात शंभर वेळा व्हेन मिळणार नाहीये, तेव्हा काय करायचं हे कोण शिकवणार त्यांना? कॅन्युला लावायला वॉर्डातली कुठलीही सिस्टर शिकवेल. हरल्यावर पेशंटशी कसं वागायचं ते शिकवायला ट्यूटर लागते. वॉर्डातल्या पुढच्या पोस्टिंगला मुलींना घेऊन बस आणि त्या दिवसाबद्दल बोल. उशीर झालेला नाही.

तू म्हणतेस तिथे मला सगळं येत होतं. हो, येत होतं. पण येणं आणि सांगता येणं यात केवढं अंतर असतं ते मला कसं कळलं ऐक. 1996 साली मी एका सरकारी हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये नवीन पाठ्यनिर्देशिका (म्हणजे ट्यूटरच) होते, त्याआधी सात वर्षं सर्जिकलला अधिपरिचारिका (स्टाफ नर्स). सेकंड इयरची मुलगी सोबत होती, आतड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट, दुसरा दिवस. चार्टवर सगळं ठीक. बीपी बरं, टेंपरेचर जरासं, रेस्पिरेशन वीस लिहिलेलं. मी बेडच्या पायथ्याशी उभी राहिले आणि म्हणाले डॉक्टरांना बोलाव, आत्ता. ती धावली, डॉक्टर आले, पेशंट खरंच बिघडत होता, वेळेवर हलवला. दुपारी त्या मुलीने विचारलं, मॅडम तुम्हाला कसं कळलं? आणि मी म्हणाले, "अनुभवाने कळतं". तिचा चेहरा पडला. तिला वाटलं की हे आपल्याला कधीच जमायचं नाही, आणि मला घरी जाऊन जेवण जाईना कारण ती शिकायला आली होती आणि मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

रात्री वही घेऊन बसले आणि आठवून आठवून लिहिलं की मी नक्की काय पाहिलं. तो दोन शब्द बोलून थांबत होता, श्वास घेऊन पुढचा शब्द. अंगावरची चादर सारखी ओढून काढत होता. वरच्या ओठावर घाम. हात मनगटापर्यंत गार. युरोबॅगमधली (लघवीच्या पिशवीतली) पातळी दहा वाजता होती तिथेच बाराला. आणि श्वास, मी उभ्या उभ्या मोजले होते हे मला लिहिताना आठवलं, बत्तीस होते. चार्टवर वीस कारण कोणी मोजतच नाही गं, सगळे अठरा नाहीतर वीस टाकून मोकळे होतात, आजही होतात. दुसऱ्या दिवशी मुलींना चार-चार जणींत बेडजवळ नेलं, घड्याळ हातात दिलं आणि पूर्ण एक मिनिट छाती बघायला लावली. एका मुलीने पेशंटसमोर मोठ्याने मोजायला सुरुवात केली तर तिला सांगितलं की पेशंटला कळलं तर तो श्वास बदलतो, नाडी बघतेय असं दाखव आणि मोज. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की मी आता शिकवणारी झाले. ऑर्डर हातात येऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग तज्ज्ञांचं नाव तू एमएस्सीत थिअरीज करताना घोकलंच असशील, नोव्हिस ते एक्स्पर्ट, म्हणजे नवखी ते निष्णात, पाच पायऱ्या, परीक्षेत लिहून मार्क घेतले आणि सोडून दिलं असं आपलं होतं. पण 1984 मध्ये त्यांनी जे मांडलं त्यातली एक गोष्ट तुझ्यासाठीच आहे. एक्स्पर्ट नर्स नियम आठवत बसत नाही, तिला समोरचं चित्र एकदम दिसतं, म्हणूनच तिला पायऱ्या सांगायला जड जातं. आणि दुसरं, एखाद्या कामाचा अनुभवच नसेल तिथे गेली की मुरलेली नर्सही परत पहिल्या पायरीवर येते. तू आयसीयूत पाचव्या पायरीवर होतीस आणि शिकवण्यात पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहेस, दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि त्यामुळेच तुला असं चिरल्यासारखं वाटतंय. आठ वर्षांची नर्स कुठे गेलेली नाही. तिच्या शेजारी एक सव्वा वर्षाची शिक्षिका उभी आहे, तिला जरा वाढू दे.

आता "कॉलेजवाल्या" आणि "हॉस्पिटलवाल्या". हे टोमणे तुझ्यामुळे नाहीत, ही फट फार जुनी आहे. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये 1860 ला नाइटिंगेल बाईंची शाळा निघाली तेव्हा मुलींना काम शिकवायच्या त्या वॉर्डातल्या सिस्टरच. पुढे लक्षात आलं की त्यांना वॉर्ड सांभाळून शिकवायला वेळ नाही, म्हणून होम सिस्टर नावाची वेगळी पोस्ट आली, तिने मुलींचा अभ्यास घ्यायचा. तिथूनच शिकवणारी आणि सांभाळणारी वेगळ्या झाल्या. आपल्याकडे 1946 ला दिल्ली आणि वेल्लोरला डिग्री कोर्स सुरू झाला, 1959 ला दिल्लीत एमएस्सी, आणि शिकवणं हळूहळू हॉस्पिटलच्या आवारातून कॉलेजात गेलं, महाराष्ट्रात तर 1998 नंतर डिग्रीचं शिक्षण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली आलं. चांगलंच झालं, आपल्याला डिग्र्या मिळाल्या, प्रोफेसर म्हणवून घेता यायला लागलं. पण माझ्या वेळी स्कूलच्या खिडकीतून वॉर्ड दिसायचा, मॅट्रन जिन्यात भेटायच्या, चहा एकत्र व्हायचा. आता कॉलेज कुठेतरी हायवेला, मुलींची बस सकाळी निघून सिव्हिलला येते, ट्यूटर दर रोटेशनला वेगळी, तिला लिनन कुठे ठेवतात तेही माहीत नसतं. मग वॉर्डातली सिस्टर तिला पाहुणी समजणार नाही तर काय समजणार. त्या सिस्टरच्या जागी तू आठ वर्षं होतीस, आठव जरा, राउंडच्या ऐन वेळी दहा मुली आत शिरल्या की तुला काय वाटायचं.

म्हणून हे तुलाच आधी करायला लागेल. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी एकदा एकटी जा, मुली न घेता. परिसेविकांना (वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरना) भेट, विचार की ताई तुमच्याकडे औषधाची वेळ कोणती, राउंड कधी, मुलींनी कशाला हात लावलेला तुम्हाला चालत नाही, आणि सध्या कोणते पेशंट जड आहेत. ड्यूटी बदलताना हँडओव्हरला हजर रहा, मागे उभी राहून नाही, वही घेऊन. मुलींना बेड वाटून देताना त्या पेशंटच्या स्टाफला सांग की आज ही मुलगी तुमच्या सोबत. आणि निघताना वॉर्ड तू आलीस तेव्हा होता त्यापेक्षा नीट असला पाहिजे, ट्रे धुतलेले, चार्ट पूर्ण, राहिलेलं काम तोंडी सांगून. महिनाभर असं कर आणि मग त्या परिसेविकांना विनंती कर की तुमच्या वॉर्डातली एखादी केस मुलींना तुम्ही समजावून सांगा, अर्धा तास. आपल्याकडे कोणी त्यांना हे विचारतच नाही. वीस वर्षांचं ज्ञान घेऊन त्या इंडेंट (सामानाच्या मागणीचे कागद) भरत बसलेल्या असतात.

एक मात्र ठाम सांगते, यात मुलींचा बळी देऊ नकोस. वॉर्डाशी संबंध चांगले ठेवायचे म्हणून दहाच्या दहा मुली सकाळभर टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) आणि बेड मेकिंगला लावायच्या असं खूप ठिकाणी चालतं. स्टाफ कमी आहे हे खरं, त्या सिस्टरची ओढाताण मला दिसते, पण मुली फुकटची माणसं नाहीत. तिथे "ताई, या दोघी आज माझ्यासोबत ड्रेसिंगला लागतील" एवढं सांगायला तू तिथे असायला हवीस. ट्यूटर कँटीनमध्ये आणि मुली वॉर्डात, असं मी पाहिलंय, आणि ते बघून मुली काय शिकतात ते वेगळं सांगायला नको.

आता ट्रेचं. तू लिहिलं नाहीस पण तुझ्यावर ही वेळ रोज येत असणार. कॉलेजच्या लॅबमध्ये ड्रेसिंगचा ट्रे मांडायला शिकवतो तेव्हा पुस्तकात यादी केवढी मोठी असते, प्रत्येक वस्तूसमोर तिचं कारण लिहायचं, मॅकिंटॉश, टॉवेल, दोन किडनी ट्रे, चिटल फोर्सेप, सगळं. आणि वॉर्डात गेलं की एक ड्रम, एक फोर्सेप, स्पिरिट, बीटाडीन, टेप. मुलगी हळूच विचारते, मॅडम वर्गात तर वेगळं शिकवलं होतं. इथे दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही चुकीच्या. एक म्हणजे "परीक्षेत पुस्तकातलं लिही, इथे असंच चालतं", ही वाट धरलीस की मुलीच्या मनात दोन नर्सिंग तयार होतात, एक कागदावरची आणि एक खरी, आणि कागदावरची खोटी ठरते. दुसरी म्हणजे वॉर्डच्या सिस्टरला मुलींसमोर चुकीचं ठरवणं, ते तर करूच नकोस. मी मुलींना बाजूला घेऊन विचारायचे, यातलं काय कमी झालं तरी चालेल आणि काय नाही? मॅकिंटॉश नाही, जुनी चादर घाला, गादी वाचली पाहिजे एवढंच. किडनी ट्रे एकच आहे, मग घाण कापूस कुठे टाकणार ते आधी ठरवा, पिवळी पिशवी जवळ ओढा. पण एका पेशंटचा फोर्सेप न धुता, निर्जंतुक न करता दुसऱ्याला, हे चालेल? नाही. हात न धुता? नाही. मुली स्वतः उत्तर देतात गं, आणि एकदा ते "का" कळलं की त्या पुढे खेड्यातल्या पीएचसीत गेल्या तरी त्यांचं ड्रेसिंग चुकत नाही. हे शिकवायला वर्ग आणि वॉर्ड दोन्ही आतून माहीत असलेलं माणूस लागतं. तू ज्याला कुठलीच नाही म्हणतेस ना, तीच ती जागा.

सीनियर लेसन प्लॅनवरून बोलतात त्यात थोडं तथ्य आहे, ते घे आणि बाकी सोडून दे. शिकवणं ही पण स्किल आहे. चाळीस मिनिटांत किती मावतं, प्रश्न कुठे थांबून विचारायचा, मागच्या बाकावरच्या मुलीला कसं आत ओढायचं हे आपोआप येत नाही. ज्यांचं शिकवणं मुलींना आवडतं अशा एका सीनियरच्या वर्गात महिन्यातून दोनदा मागे जाऊन बस, परवानगी काढून, आणि त्यांना तुझ्या क्लिनिकल टीचिंगला बोलाव. बदल्यात तुझ्याकडे द्यायला भरपूर आहे. 2021 ला बीएस्सीचा नवीन अभ्यासक्रम आला, सेमिस्टर, क्रेडिट, स्किल लॅब, ऑस्की (टेबलाटेबलावर कौशल्य तपासणारी परीक्षा), सिम्युलेशन. मॅनिकिनसमोर (शिकायच्या पुतळ्यासमोर) मुलगी उभी केली तर पेशंटची गोष्ट कोण लिहिणार? ज्याने कधी क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) उघडून धावपळ केली नाही त्याने लिहिलेली केस पुस्तकी होते. तू आयसीयूतले पाच पेशंट आठव, नाव-गाव काढून टाक, आणि त्यांचे प्रसंग लिही, रात्री तीनला सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरलं तेव्हा सक्शनची ट्यूब जागेवर नव्हती, तसं. कॉलेजला याची गरज आहे, प्रिन्सिपल मॅडमना जाऊन सांग की मी हे करते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये नर्स शिक्षकांसाठी कौशल्यांची आठ क्षेत्रं ठरवली. त्यात मूल्यमापन आहे, रिसर्च आहे, अभ्यासक्रम आहे, आणि प्रत्यक्ष नर्सिंग प्रॅक्टिस हेसुद्धा त्यातलंच एक आहे. म्हणजे शिकवायला लागली की पेशंट सुटला असं नाही. सुट्टीत जमलं तर तुझ्या जुन्या आयसीयूत रीतसर परवानगी घेऊन चार दिवस उभी रहा, नवीन काय आलंय बघ. नाहीतर रोज वॉर्डात एक पेशंट स्वतः कर, मुलगी बघेल, तू करशील, स्पंजपासून औषधापर्यंत. हात गंजला की आवाजातही येतं ते.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण पेपर इंग्लिशमध्ये आहे, रेकॉर्ड इंग्लिशमध्ये आहे, मुलींना उद्या दुबईच्या नोकरीसाठी परीक्षा द्यायचीये. पण समजावणं मराठीत कर, बिनधास्त. हृदयाचं प्रीलोड आफ्टरलोड मराठीत कळलं की मग इंग्लिश शब्द त्यावर बसतो, उलटं होत नाही. शेवटची दहा मिनिटं तेच इंग्लिशमध्ये बोलायला लाव, मुलींनाही आणि तूही बोल, चुकलं तर चुकलं. आणि एक उलटी गोष्ट, मुलींना पेशंटची भाषा शिकव. "युरिन पास केली का" म्हटल्यावर आजी नुसत्या बघत राहतात. लघवीला झालं का, धाप लागते का, छातीत भरून आल्यासारखं वाटतं की टोचतं, पोटात मुरडा येतो की जळजळ, हे शब्द हिस्टरी घेताना लागतात आणि ते तुझ्याकडे आहेत.

थोडं कागदाचं, पटकन. अपॉइंटमेंट लेटर, जॉइनिंग, विद्यापीठाचं अप्रूव्हल, पगाराच्या स्लिप, सगळ्याच्या कॉपी घरी ठेव, पुढे अनुभव मोजताना हेच लागतं. इन्स्पेक्शनच्या फायलींमध्ये तुझे महिने जाणार, ते सगळ्यांचे जातात, पण त्या काळात पोस्टिंगवरच्या मुली एकट्या पडत असतील तर मीटिंगमध्ये बोल. आणि नाव एका कॉलेजात, काम दुसरीकडे, अशी कोणी ऑफर दिली तर पैसे कितीही असोत, सही करू नकोस. ज्या मुलींना तू कधी पाहिलंच नाहीस त्यांची शिक्षिका म्हणून तुझं नाव लागणार, आणि त्या मुली उद्या कोणाच्या तरी आईला इंजेक्शन देणार आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न, परत जाऊ का. जायचं असेल तर जा, आयसीयूला चांगल्या नर्स लागतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्या दोन फुटलेल्या व्हेनमुळे जाऊ नकोस. मला विचारशील तर अजून एक पूर्ण बॅचचं वर्ष काढ, फर्स्ट इयरला नर्सिंग फाउंडेशन मागून घे, सगळे टाळतात तो विषय, आणि ज्या मुलींना पहिल्यांदा बीपी बघायला शिकवशील त्यांना वर्षअखेरीस वॉर्डात एकटीने पेशंट सांभाळताना बघ. ते बघूनही मन आयसीयूतच असेल तर मग तो निर्णय खरा.

सासूबाईंना म्हणू दे मॅडम, त्यांच्या आनंदात विरजण नको. पण पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलं की तुम्ही कोण, तर सांग, "मी नर्स आहे, या माझ्या विद्यार्थिनी." मी एकोणतीस वर्षं हेच सांगितलं.

पुढच्या पोस्टिंगच्या आधी त्या परिसेविकांना भेटून ये, आणि त्या काय म्हणाल्या ते मला लिही.

तुझी ताई